टीएसएच नॉर्मल, तरी थायरॉईडमध्ये गाठ: रिपोर्ट कसा वाचायचा आणि सुई कधी टोचायची

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आई 54 वर्षांची. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये मानेची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात आलं: उजव्या लोबमध्ये 18 × 12 × 11 मिमीची आयसोएकोइक (ग्रंथीइतक्याच रंगाची) सॉलिड (भरीव) गाठ, कडा गुळगुळीत, टीआय-रॅड्स (गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा वर्ग) 3, डाव्या लोबमध्ये 6 मिमीची स्पंजीफॉर्म गाठ, ग्रंथी किंचित हेटरोजिनस (एकसारखी नसलेली). टीएसएच (थायरॉईडचं काम तपासणारी रक्तचाचणी) 3.1, म्हणजे नॉर्मल. घाबरून तीन आठवड्यांनी दादरला दुसऱ्या सेंटरमध्ये सोनोग्राफी केली, तर तीच मोठी गाठ 21 × 13 × 12 मिमी भरली. एक डॉक्टर म्हणतात एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) करून घ्या, दुसरे म्हणतात वर्षभराने दाखवा, आणि मामा म्हणतात वेळ न घालवता थेट टाटा कॅन्सर हॉस्पिटलला न्या. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: रक्त नॉर्मल असताना गाठ आली कुठून, ती तीन आठवड्यांत वाढली का, आणि सुई टोचायची की नाही.

ताई, तुमच्याकडे दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आली आहेत आणि तुम्ही ती एकमेकांशी जुळवायला बघताय. टीएसएच सांगतं की ग्रंथीचं काम पुरेसं चाललंय का. सोनोग्राफी सांगते की ग्रंथी दिसते कशी. इमारतीच्या पाण्याच्या मीटरवरून एकूण पाणी किती आलं ते कळतं, कुठल्या मजल्यावरच्या पाइपाला फुगवटा आलाय ते कळत नाही, तसंच हे. म्हणून दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि तुमच्या आईच्या बाबतीत ते तसेच आहेत असं मला वाटतं.

आधी जागा समजून घ्या, कारण रिपोर्टातले निम्मे शब्द आजूबाजूच्या अवयवांचे असतात. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना थायरॉईडचा एकेक लोब असतो आणि मधे इस्थमस नावाची पातळ जोडपट्टी. मोठ्या माणसात प्रत्येक लोब उभा साधारण 4 ते 6 सेंमी, पुढून मागे दोन सेंमीच्या आत, इस्थमस 3-4 मिमी. सगळ्या ग्रंथीचं वजन 15 ते 25 ग्रॅम. पुढच्या बाजूला मानेचे पातळ स्ट्रॅप स्नायू, बाहेरच्या बाजूला कॅरोटिड धमनी आणि ज्युग्युलर शीर. मागच्या बाजूला बहुतेकांत चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात आणि निरोगी असल्या तर सोनोग्राफीत सहसा दिसतही नाहीत. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून आवाजाची नस वर जाते. शस्त्रक्रियेत सर्जन सगळ्यात जास्त जपतो ती हीच नस आणि त्या चार छोट्या ग्रंथी. "आवाज बसलाय का?" हा प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारला जातो तोही हिच्यामुळेच.

अन्ननलिका बहुतेकांत थोडी डावीकडे झुकलेली असते आणि डाव्या लोबच्या मागे डोकावते. नवख्या माणसाला ती हमखास गाठ वाटते. पेशंटला एक घोट गिळायला सांगितलं की आतून चमकती हवा सरकताना दिसते आणि प्रश्न मिटतो. "डाव्या लोबच्या मागे 9 मिमीची गाठ" असा रिपोर्ट आला आणि पुढच्या वेळी ती सापडलीच नाही, तर बऱ्याचदा कारण हे असतं.

आता काम. ग्रंथीच्या आत सूक्ष्म गोल पिशव्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात, आणि त्यांत कोलॉइड नावाचा दाट द्रव भरलेला असतो. रक्तातलं आयोडीन खेचून फॉलिकलच्या पेशी टी4 आणि थोडं टी3 बनवतात. शरीरातलं बहुतेक टी3 मात्र ग्रंथीबाहेर, टी4 पासून तयार होतं. मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून हे काम कमी-जास्त करत राहते. टी4 कमी पडलं की टीएसएच चढतं, जास्त झालं की उतरतं. गाठ म्हणजे याच पेशींचा एखादा पुंजका वेगळा वाढणं, किंवा कोलॉइड साचून फुगलेला भाग. बाकीची ग्रंथी शाबूत असते, ती काम भागवते आणि टीएसएच नॉर्मल राहतं. गाठ असलेल्या बहुतेक लोकांचं टीएसएच नॉर्मलच येतं.

टीएसएच इथे एकाच वळणावर निर्णय बदलतं: ते कमी आलं तर. मग गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवतेय का हे पाहायला न्यूक्लिअर स्कॅन करतात. मुंबईत ही सोय जुनी आहे. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे. स्कॅनमध्ये गाठ "हॉट" निघाली तर ती कॅन्सरची असणं फार क्वचित, आणि सुईची गरज सहसा पडत नाही. तुमच्या आईचं टीएसएच 3.1 आहे, त्यामुळे स्कॅनचा प्रश्न येत नाही. फक्त एक विचारा: आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते का? बऱ्याच लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी3-टी4 खोटं जास्त दिसतं. घेत असेल तर दोन-तीन दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा द्या, आणि आधीच्याच वेळेला द्या, कारण टीएसएच दिवसभरात वर-खाली होतं.

"आम्ही मासे खाणारी माणसं, आयोडीन कमी कसं?" हेही नेहमी विचारलं जातं. आयोडीनची कमतरता हे गलगंडाचं जुनं मोठं कारण. त्यासाठीच 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठाने मोठ्या माणसाची रोजची 150 मायक्रोग्रॅमची गरज भागायला मोठा हातभार लागतो. घरात फक्त सैंधव चालू केलं असेल तर ते परत बदला, एवढंच. कोबी-फ्लॉवर बंद करून गाठ जात नाही. नेहमीसारखी शिजवलेली भाजी खुशाल खा.

सोनोग्राफी कशी झाली हे विचारणं रिपोर्ट वाचण्याइतकंच महत्त्वाचं. उपाशी राहायची गरज नसते. खांद्यांखाली उशी घेऊन मान मागे टाकायची, म्हणजे ग्रंथी वर येते आणि खालचं टोक छातीच्या हाडामागून बाहेर पडतं. उशी न घेता तपासलं तर खालच्या टोकाची गाठ सुटते. प्रोब लिनिअर हवा, 10 मेगाहर्ट्झच्या आसपासचा किंवा वरचा. पोटाच्या प्रोबने थायरॉईड पाहणं म्हणजे वेळ फुकट. प्रत्येक लोब आडवा आणि उभा दोन्ही दिशांनी, मग इस्थमस, मग रक्तप्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर, आणि शेवटी दोन्ही बाजूंची मान जबड्यापासून हासळीपर्यंत लिम्फ नोडसाठी (लसिका ग्रंथींसाठी). हे नीट केलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. पॅकेजमध्ये पोट, पेल्विस आणि मान एका दमात उरकतात तेव्हा पहिल्यांदा गळतो तो हाच शेवटचा भाग. रिपोर्टात लिम्फ नोडबद्दल एक ओळही नसेल तर ती मागून घ्या.

निरोगी थायरॉईड पडद्यावर एकसारखी, बारीक कणांची आणि पुढच्या स्ट्रॅप स्नायूंपेक्षा स्पष्ट उजळ दिसते. स्नायू काळसर, ग्रंथी राखाडी-पांढरी. हा उजळपणा हरवला की विचार सुरू होतो. हाशिमोटो आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीवरच उलटते) ग्रंथी काळसर होते, तिच्यात बारीक काळे ठिपके आणि मधून पांढऱ्या तंतूंच्या रेघा दिसतात. ग्रेव्ह्ज या जास्त हार्मोन बनवणाऱ्या आजारात ग्रंथी फुगते आणि डॉपलर लावताच सगळीकडे रंग उसळतो. सबअॅक्यूट थायरॉयडायटिसमध्ये, म्हणजे ग्रंथीला तात्पुरती सूज आली की, मान दुखते आणि प्रोब नेमका दुखऱ्या जागी ठेवला की अस्पष्ट कडेचा काळा डाग दिसतो. त्यात रक्तप्रवाह कमी असतो. यातला तो डाग गाठ म्हणून लिहिला जातो आणि दोन-तीन महिन्यांनी गायब होतो.

तुमच्या आईचं "किंचित हेटरोजिनस" हे हाशिमोटोच्या सुरुवातीकडे बोट दाखवणारं असू शकतं, किंवा वयाप्रमाणे होणारा बदल असू शकतो, किंवा मशीनच्या सेटिंगचा खेळही. अँटी-टीपीओ ही हाशिमोटोचा अंदाज देणारी रक्ततपासणी एकदा करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर लगेच औषध लागतं असं नाही. टीएसएच वर्षातून एकदा बघत राहायचं, इतकाच त्याचा अर्थ.

आता मुख्य गाठ. टीआय-रॅड्स 3 हा आकडा कॅन्सरच्या स्टेजसारखा नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की काही लोक "तिसऱ्या स्टेजला आहे" असं घरी सांगून मोकळे होतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या 2017 च्या पद्धतीत गाठीचे पाच गुण पाहून पॉइंट देतात. गाठ भरीव की पाण्याची: भरीवला 2, अर्धी-अर्धी असेल तर 1, नुसत्या पाण्याच्या किंवा स्पंजीफॉर्मला 0. रंग: ग्रंथीइतकाच किंवा उजळ असेल तर 1, ग्रंथीपेक्षा काळा 2, स्नायूंपेक्षाही काळा 3. आकार: आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंच, म्हणजे पुढून मागे जास्त, असेल तर 3, नाहीतर 0. कडा: गुळगुळीत किंवा नुसती अस्पष्ट 0, दातेरी 2, ग्रंथीबाहेर घुसलेली 3. चमकते ठिपके: नसतील तर 0, मोठं कॅल्शियम 1, कडेभोवती कॅल्शियम 2, बारीक टाचणीच्या टोकाएवढे ठिपके 3.

तुमच्या आईची गाठ भरीव, म्हणून 2. ग्रंथीइतक्याच रंगाची, म्हणून 1. कडा गुळगुळीत. रुंदी 12 आणि पुढून मागे 11, म्हणजे रुंदीच जास्त. बेरीज 3, वर्ग 3. या वर्गात कॅन्सर निघण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत धरतात. डावीकडची 6 मिमीची गाठ बारीक बारीक पोकळ्यांनी भरलेली, शून्य पॉइंटची. तिला विसरून जा.

पण 12 आणि 11 मधल्या एका मिलिमीटरवर लक्ष ठेवा. प्रोब जोरात दाबला की पुढून मागचं माप कमी भरतं, तिरका धरला की वाढतं. उलटं माप लिहिलं गेलं असतं तर त्याच गाठीला 3 पॉइंट जास्त मिळून बेरीज 6 झाली असती आणि ती थेट 4 ते 6 पॉइंटांच्या चौथ्या वर्गात गेली असती. दुसऱ्या सेंटरची मापं, 13 आणि 12, तेच सांगताहेत, म्हणून इथे मला शंका नाही. चमकत्या ठिपक्यांचंही तसंच. साचलेल्या कोलॉइडचा ठिपका मागे धूमकेतूसारखी शेपटी सोडतो आणि तो निरुपद्रवी असतो. शेपटी नसलेले बारीक ठिपके पॅपिलरी या थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये दिसतात. घाईत शेपटी दिसली नाही तर 3 पॉइंट फुकट चढतात. म्हणून वर्गाचा आकडा अचानक वाढलेला दिसला, तर कोणत्या गुणाचे पॉइंट वाढले ते विचारायचं. रिपोर्टात नुसता आकडा असेल आणि पाच गुण लिहिलेले नसतील तर तो रिपोर्ट अर्धा आहे.

गाठ वाढली का? हिशेब करून बघू. खरी वाढ म्हणायला किमान दोन मापं 20 टक्के आणि 2 मिमीने वाढावी लागतात, किंवा घनफळ 50 टक्क्यांनी. तुमचं 18 चं 21 झालं म्हणजे सुमारे 17 टक्के, 12 चं 13 म्हणजे 8 टक्के, 11 चं 12 म्हणजे 9 टक्के. एकही माप 20 ला पोचत नाही. घनफळ काढायला तिन्ही मापं सेंमीमध्ये गुणून 0.52 ने गुणायचं: आधी 1.24 मिली, नंतर 1.70 मिली, फरक सुमारे 38 टक्के. तोही रेषेच्या आत. दोन मशीन, दोन हात, एकाने गाठीभोवतीची काळी कड मापात धरली, दुसऱ्याने सोडली, की एवढा फरक पडतो. आणि असल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गाठी तीन आठवड्यांत 3 मिमी वाढत नाहीत. अपवाद आत रक्तस्राव झाल्याचा. तेव्हा मान अचानक सुजते, दुखते, आणि पेशंटला ते रिपोर्टाच्या आधी कळतं.

आता सुई. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात म्हणून एक चुकीचा ठरत नाही, कारण दोघांच्या हातात वेगळी नियमावली असू शकते. अमेरिकन कॉलेजच्या पद्धतीत तिसऱ्या वर्गाच्या गाठीला 2.5 सेंमीपासून पुढे एफएनएसी सांगतात आणि 1.5 सेंमीपासून नजर ठेवायला. युरोपीय पद्धतीत अशाच गाठीची रेषा 2 सेंमी आहे. आणि अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2015 च्या नियमांत अशी भरीव, त्याच रंगाची गाठ 1.5 सेंमीची झाली तरी सुई सुचवतात. तुमच्या आईची गाठ 1.8 की 2.1, या वादात ती नेमकी या तीन रेषांच्या मधे अडकली आहे.

माझा स्वतःचा कल असा: आईला बालपणी मानेवर रेडिएशन मिळालेलं नसेल, घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर, विशेषतः घराण्यात उतरू शकणाऱ्या मेड्युलरी प्रकारचा, झालेला नसेल, आवाज ठीक असेल आणि दोन्ही बाजूंचे लिम्फ नोड साधे असतील, तर वर्षभराने पुन्हा पाहणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. यातली एक जरी अट मोडत असेल तर मी थांबणार नाही, सुई लगेच. आणि या सगळ्या अटी पूर्ण होत असूनही आईची झोप उडाली असेल, तर 1.5 सेंमीच्या नियमाचा आधार घेऊन एफएनएसी करून मोकळं होण्यातही काही गैर नाही. भीती हेही कारण आहे. फक्त ते भीतीसाठी केलंय हे लक्षात असू द्या.

जास्त शोधण्याचेही तोटे असतात, हे पॅकेजवाले सांगत नाहीत. दक्षिण कोरियात तपासणी शिबिरांमधून थायरॉईड सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉईड कॅन्सरचं निदान सुमारे पंधरा पटींनी वाढलं. त्या आजाराने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास तिथेच राहिलं. सापडले ते बहुतांशी असे छोटे कॅन्सर की ज्यांनी आयुष्यभर त्रास दिला नसता. ऑपरेशन मात्र अनेकांचं झालं, आणि त्यानंतरची रोजची गोळीही मागे लागली.

एफएनएसी ठरलीच तर ती सोनोग्राफीच्या नजरेखाली करा, नुसती बोटाने चाचपून नको. सुई रक्त घ्यायच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक, सहसा 25 गेजच्या आसपास. दोन ते चार वेळा टोचतात, कारण एका वेळी पुरेशा पेशी येतीलच असं नसतं. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. टोचताना आणि लगेच नंतर गिळू नये, बोलू नये. मग पाच-दहा मिनिटं जागा दाबून ठेवायची. संध्याकाळपर्यंत थोडी ठणक राहते. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती इथे सोडून द्या.

रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने 1 ते 6 मध्ये येतो, आणि हे आकडे टीआय-रॅड्सच्या आकड्यांशी मिसळू नका. बेथेस्डा 2 म्हणजे साधी गाठ. 5 म्हणजे कॅन्सरचा संशय, 6 म्हणजे कॅन्सर. 1 म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा करा. याला "निगेटिव्ह" समजून फाईल बंद करणं ही नेहमीची चूक. 3 आणि 4 हे अडचणीचे. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची हे ती स्वतःचं आवरण फोडून बाहेर गेली का यावर ठरतं, आणि सुईत नुसत्या सुट्या पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून 4 आल्यावर गाठ असलेला लोब काढून तपासण्याचा सल्ला बरेचदा मिळतो. तोवर "डॉक्टरांना कळत नाहीये" असं समजू नये.

टाटाचं म्हणाल तर आज या कागदांवर तिथे रांग लावायची गरज नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा. बेथेस्डा 5 किंवा 6 आलं, किंवा लिम्फ नोड गोल, चरबीची मधली रेघ हरवलेला, आत ठिपके किंवा पाणी असलेला दिसला, तर मग मामांचं ऐका.

थांबायचं ठरवलंत तर पुढची सोनोग्राफी साधारण एक वर्षाने, नंतर तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. शक्यतो एकाच सेंटरला, आणि जुन्या फिल्म किंवा सीडी बरोबर. नुसता कागद नेलात तर समोरच्याला कोणती गाठ कोणती हेच कळत नाही. नव्या रिपोर्टात गाठ लोबच्या वरच्या, मधल्या की खालच्या भागात आहे ते, तिन्ही मापं आणि पाचही गुण लिहायला सांगा. मधल्या काळात आवाज घोगरा होऊन तीन आठवडे तसाच राहिला, गिळताना अडायला लागलं, आडवं झाल्यावर श्वास कोंडू लागला, किंवा मानेच्या बाजूला टणक गाठ हाताला लागली, तर वर्षाची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. आणि अँटी-टीपीओचा निकाल आला की इथेच लिहा, टीएसएच किती दिवसांनी परत करायचं ते त्यावरून सांगता येईल.